‘पण यात आहे काय?’

पत्र

मावशी, नमस्कार.

मी २७ वर्षांचा आहे. घर सोलापूरच्या पूर्वभागात, घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब लिहितो. मोबाइलवर फोटो काढायचा नाद आहे, पण माझ्या फोटोंत ना माणसं असतात, ना देऊळ, ना डोंगर. बांबूवर वाळत घातलेल्या ओल्या सुताच्या लडी, निळा रंग उडालेली भिंत, टॉवेलच्या गठ्ठ्याची कडा, असलंच काहीतरी. रंग आवडला की काढतो. घरच्या ग्रुपवर टाकले की काका विचारतात, ‘पण यात आहे काय?’ मित्र म्हणतात, ‘कशाचा फोटो हाय बे हे?’ एकदा तर माझाच पिवळ्या सुताचा फोटो कुठल्या तरी दुसऱ्या ग्रुपवरून, वर ‘शुभ सकाळ’ आणि एक गुलाब चिकटवून, माझ्याकडे परत आला!

फोटोग्राफी शिकलेला एक मित्र म्हणतो की नुसत्या रंगाचे फोटो बाळबोध असतात. ब्लॅक अँड व्हाइट कर, नाहीतर त्यात माणूस उभा कर. रंग थोडे वाढवून टाकले की लाइक जास्त येतात, पण मग चोरी केल्यासारखं वाटतं. शिवाय माझ्या फोनवर डाळिंबी दिसणारा रंग बहिणीच्या फोनवर भगवा दिसतो. मालकांनी सांगितलंय, चालू मालाचे फोटो बाहेर टाकायचे नाहीत. तीन फोटो सोबत पाठवतोय. हे कुणाला दाखवण्यासारखे आहेत का? असतील तर कसे दाखवू? एखादा मोठा करून घरात लावावा असंही मनात आहे.

– रंगवेडा, सोलापूर

उत्तर

रंगवेड्या,

काकांना एवढंच सांग, ‘रंग आहे, काका.’ पुढे काही जोडू नकोस. ‘सहज काढला’, ‘टाइमपास’, ‘बघा आवडला तर’ ही शेपटं तर मुळीच नकोत. तूच आधी माफी मागून मोकळा झालास तर समोरचा माफ करण्याच्याच सुरात बोलणार.

आणि काकांना रंगातलं कळत नाही असं समजू नकोस. घर रंगवायच्या वेळी याच काकांनी शेड कार्ड हातात धरून पेंटरचं डोकं खाल्लं असेल, विचारून बघ आईला. चाटी गल्लीत एका साडीसाठी चाळीस साड्या उलगडायला लावणाऱ्या बायकांना ‘यात आहे काय’ असं कुणी विचारत नाही. मनातला मोरपंखी सापडेपर्यंत त्या उठत नाहीत, आणि दुकानदारही ते धरूनच गादीवर बसलेला असतो. रंगासाठी रंग बघणं आपल्या गावाला नवं नाही. फोटोत तसं बघायची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही. आपल्याकडे फोटो काढला तो पुराव्यासाठी. लग्नाला कोण कोण आलं होतं, पंढरपूरला कोण गेलं होतं, बारसं कुणाचं. अल्बम उघडला की बोट आधी माणसावर जातं. काका तुझ्या फोटोत माणूस शोधतात, तो सापडत नाही, म्हणून विचारतात. त्यात खवचटपणा नसावा. (मित्रांची हमी मी घेत नाही.)

फोटोग्राफी शिकलेल्या मित्राची गोष्ट वेगळी. तो जे बोलला ते त्याला कुणीतरी शिकवलंय, आणि शिकवणाऱ्यालाही आणखी कुणीतरी. हा गैरसमज जुना आणि चांगल्या घरातला आहे. १९७६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने विल्यम एगलस्टन या अमेरिकन फोटोग्राफरचे ७५ रंगीत फोटो भिंतीवर लावले. फोटोंत होतं काय? लहान मुलाची तीनचाकी सायकल, आणि अशाच घराबाहेरच्या-रस्त्यावरच्या रोजच्या गोष्टी. त्या काळी रंगीत फोटो म्हणजे जाहिराती, मासिकं आणि सहलीचे अल्बम. कलेचा फोटो म्हणजे काळा-पांढरा, अशी वाटणीच झालेली होती. समीक्षकांनी एगलस्टनला धुऊन काढलं. आज तेच प्रदर्शन रंगीत फोटोग्राफीच्या इतिहासात मैलाचा दगड म्हणून सांगतात. आपल्याकडचं नाव हवं असेल तर जयपूरचे रघुबीर सिंह घे (१९४२–१९९९). बरोबरीचे मोठमोठे लोक काळ्या-पांढऱ्यात काम करत असताना ते आयुष्यभर रंगाला धरून राहिले. भारताकडे बघायचं तर रंग वगळून चालणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ही दोन नावं मित्राला सांग. वाद घालायला नको, नुसती सांग. तो स्वतःच शोधून बघेल.

तरीही त्याचा सल्ला एकदा अमलात आण, कारण मात्र त्याचं नको, माझं घे. फोटो फोनवरच काळा-पांढरा कर आणि बघ काय उरतं. तुझ्या फोटोंवर मी हे केलं. पिवळ्या सुताचा फोटो पार गेला. पिवळा रंग आणि मागची चुन्याची भिंत, दोन्हींचा उजेड जवळपास सारखाच. रंग काढून घेतल्यावर लडी भिंतीत विरघळून गेल्या. म्हणजे त्या फोटोचा सगळा भार एकट्या रंगावर होता, आणि त्याने तो पेलला होता. असा फोटो फार कमी वेळा जमतो. निळ्या भिंतीचं उलट झालं. काळी-पांढरी केल्यावर ती जास्त चांगली दिसायला लागली: पोपडे, भेगा, खिळ्याची सावली. तुला वाटलं तू निळा रंग टिपलास; खरा फोटो गिलाव्याचा निघाला. त्या एका फोटोपुरता तुझा मित्र बरोबर आहे, तेही त्याला सांगायला हरकत नाही.

माणूस उभा करायचं म्हणतोस, तर थांब. रंगाच्या हौदाशी काम करणाऱ्या माणसाचे कोपरापर्यंत लाल झालेले हात कुणालाही आवडतील, फोटो म्हणून. पण ते हात आले की फोटो लाल रंगाचा राहत नाही, त्या माणसाचा होतो. मग त्याला विचारावं लागतं, त्याला फोटो दाखवावा लागतो, त्याचं नाव लिहायचं की नाही ते त्याच्यावर सोडावं लागतं. ते काम तू जरूर कर, मोठं काम आहे. पण मित्राने सांगितलं म्हणून लडींशेजारी एखाद्या कामगाराला ‘जरा उभा रहा’ म्हणू नकोस. हेच कुणाच्या गच्चीवर वाळणाऱ्या साड्यांचं. लांबून गोड दिसतात, पण त्या कुणाच्या तरी घरातल्या आहेत.

आता तिसरा फोटो. गटारातून वाहणारा गुलाबी ओघळ, कडेला हिरवं शेवाळ. आधी मान्य करते की फोटो सुंदर आहे. तिघांतला सगळ्यात सुंदर तोच, आणि त्याचाच मला त्रास झाला. कुठल्या गल्लीतला आहे ते तू लिहिलेलं नाहीस, मीही विचारत नाही. पण हा फोटो नुसता ‘रंग आहे, काका’ म्हणून टाकता येणार नाही. रंगाचं पाणी प्रक्रिया न करता सोडलं की ते पुढे कुणाच्या तरी दारावरून जातं, आणि त्या दारातल्या बाईला तो गुलाबी दिसत नाही, तिला वास येतो. हा फोटो टाकायचा तर खाली सरळ लिही: हे काय आहे, कशाचं पाणी आहे. नोकरीमुळे ते लिहिता येत नसेल, तर तूर्त तो फोनमध्येच राहू दे. बाकीच्या फोटोंना ओळीची गरज नाही म्हणाले ना, याला आहे. सुंदर दिसणाऱ्या प्रत्येक रंगाला एकच नियम लावता येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. रोज त्या पाण्याशेजारून तू जातोस.

रंग वाढवणं ही चोरी का? तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न हा. ‘जसा होता तसा’ फोटो मुळात नसतो. बटण दाबताक्षणी फोन स्वतःच ठरवतो की पांढरं कशाला म्हणायचं. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात तो निळा मिसळतो, ट्यूबखालच्या हिरवट उजेडात जांभळट. दर संक्रांतीला आपल्या गावात त्याची गंमत बघायला मिळते. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीत हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यात, आणि कडेला बघायला उभ्या असलेल्या बायका काळ्या साड्यांत. फोनला दोन्ही झेपत नाहीत. चौकट नुसत्या बाराबंद्यांनी भरली की तो पांढऱ्याला खाली ओढून मळकट करतो. नुसत्या काळ्या साड्यांवर धरला की त्यांना उजळून राखाडी. कॅमेऱ्याची समजूतच अशी की जगाचा सरासरी उजेड मधला असतो. तिथे बोटाने उजेड वर-खाली करून पांढऱ्याला पांढरा आणि काळ्याला काळा करणं ही चोरी नाही, दुरुस्ती आहे.

आणखी मागे गेलास तर मौज आहे. जगातला पहिला रंगीत फोटो म्हणून जो सांगतात तो एका कापडाचा आहे, हे सोलापूरकराला तरी माहीत हवं! जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६१ साली लंडनमध्ये एका चौकडीच्या रिबिनीचा फोटो पडद्यावर दाखवला. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या द्रवातून तीन वेगळे फोटो काढायचे आणि त्याच रंगांच्या उजेडात एकावर एक पाडायचे, ही युक्ती. तुझ्या फोनचा पडदा आजही लाल-हिरव्या-निळ्यावरच चालतो. पण त्या काळच्या फोटोच्या काचा लाल उजेडाला जवळजवळ आंधळ्या होत्या. मग लाल उमटला कसा? शंभर वर्षांनी उलगडा झाला: रिबिनीतला लाल भाग डोळ्याला न दिसणारे अतिनील किरणही परतवत होता, ते लाल द्रवातून पार झाले आणि फोटोच्या काचेवर उमटले. थोडक्यात, पहिल्याच रंगीत फोटोतला लाल योगायोगाने लाल झाला. आपल्याकडच्या जुन्या घरांतले फोटो बघ. काळ्या-पांढऱ्या फोटोत स्टुडिओवाल्याने कुंचल्याने गाल गुलाबी केलेत, साडीचे काठ सोनेरी. आजी त्याला खोटं म्हणत नव्हती.

तरी मर्यादा आहे, आणि ती ओळखायचं साधन तुझ्या हातात आहे. सूर्यास्ताचा फोटो काढणाऱ्याला सूर्यास्त घरी आणता येत नाही. तुला लड आणता येते. फोटो काढलास त्याच लॉटचा हातभर दोरा खिशात टाक, सकाळी खिडकीशी बस, फोनच्या पडद्याला दोरा लावून धर आणि रंग जुळेपर्यंत फोटो कमी-जास्त कर. एवढं लक्षात ठेव की ओली लड जास्त गडद दिसते. पाण्याच्या थरामुळे वरवरचा पांढुरका विखुरलेला उजेड कमी होतो आणि आतला रंग उठतो. फोटो ओल्या लडीचा असेल तर दोराही भिजवून घे. तुमच्याकडे नमुन्याला शेड जुळवतात तेच हे, फक्त कढईऐवजी पडद्यावर. दोऱ्याशी जुळलं तिथे थांब. त्याच्या पुढे वाढवलेला प्रत्येक टक्का हा तुमच्या कारखान्यात कधीच न निघालेला रंग आहे. लाइक त्याला मिळतात, खरं आहे. दर हिवाळ्यात सिद्धेश्वर तलावामागे मावळणारा तो केशरी गोळा शेकडो फोनांत फिरतो, इतका केशरी की त्यात झेंडूही फिका पडावा. मला तर आता ते फोटो दिसेनासे झालेत. बोट आपोआप पुढे सरकतं.

शिवाय रंग वाढवला की एक नुकसान होतं. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ असे आकडे असतात. लाल २५५ ला टेकला की त्याच्या वर जागा नाही. गडद लडीत एक दोरा दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त लाल होता, तो फरक तिथे मरतो आणि सगळी लड एकसंध लाल ठिगळ होऊन बसते. गुलाल, कुंकू, झेंडू यांचे फोटो फसतात ते बहुतेक याच कारणाने. तेव्हा भडक रंगाचा फोटो काढतानाच पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढ. फोटो किंचित काळवंडलेला आला तर नंतर उजळवता येतो. फुटलेला लाल परत आणता येत नाही. आणि आपलं ऊन! चैत्र-वैशाखात अकरा ते चार सोलापुरात रंगच नसतो, नुसता चटका असतो. सकाळी लवकर, नाहीतर पाचनंतर. त्याहून चांगलं म्हणजे श्रावणातला ढगाळ दिवस. चकाकी नसते, त्यामुळे रंग आहे तेवढा पूर्ण दिसतो.

बहिणीच्या फोनकडे येऊ. आधी तिच्या फोनवर रात्रीचा पिवळा पडदा चालू आहे का बघ, डोळ्यांना त्रास नको म्हणून लावतात तो. डाळिंबीचा भगवा करायला तेवढा एक पुरतो. मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जा. बऱ्याच फोनांत ‘व्हिव्हिड’ आणि ‘नॅचरल’ असे पर्याय असतात आणि नवा फोन अनेकदा व्हिव्हिडवरच लावलेला येतो, कारण दुकानात तो उठून दिसतो. दोघांचे फोन नॅचरलवर करा आणि पुन्हा तोच फोटो बघा. बहुतेक भांडण तिथेच मिटेल. उरलेलं मिटणार नाही, तेही मान्य कर. एकच साडी नव्या पेठेतल्या दुकानात एक दिसते आणि दारात नेली की दुसरी, म्हणून तर आपल्या आया साडी उचलून उजेडात न्यायच्या. दोन रंग एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फुटतात, हे तुमच्या डायिंग मास्टरला विचार. शेड जुळवायच्या पेटीत वेगवेगळे दिवे त्यासाठीच असतात. चाळीस माणसांच्या ग्रुपवर चाळीस पडदे असणार.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवलास की तो लहान होतो, हे तुला ठाऊक असेल. तुझ्यासारख्याला जास्त नडतं ते पुढचं. फोटो दाबून साठवताना उजेड-अंधाराची माहिती बरीचशी जपतात आणि रंगाच्या माहितीला कात्री लावतात, कारण माणसाचा डोळा उजेडातला फरक बारकाईने बघतो, रंगातला तितका नाही. माणसांच्या फोटोत हे कळतही नाही. पण हिरव्या दोऱ्याला लागून लाल दोरा असला की कडा ओघळल्यासारखी दिसते. ज्यांना खरंच दाखवायचाय त्यांना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, तो जसाच्या तसा जातो. ग्रुपवर निदान एचडी तरी निवड. स्टेटसवर फार जीव लावू नकोस.

दाखवायचे कसे? एका वेळी एक. तू तीनच पाठवलेस म्हणून मला ते बघता आले. तेवीस पाठवले असतेस तर मीही काकांसारखी माणूस शोधत बसले असते. आणि जमलं तर जोडी लाव: आज पिवळं सूत, चार दिवसांनी करडईचं शेत. करडई जानेवारीत फुलते, फूल उमलतं पिवळं आणि सुकताना तांबडं होत जातं. त्याच पाकळ्यांतून पूर्वी कुसुंबी रंग काढायचे. तुझ्याच धंद्याची जुनी पिढी आहे ती, गावाबाहेर रानात उभी. दोन फोटो मागेपुढे आले की ‘कशाचा फोटो’ हा प्रश्न आपोआप गळतो आणि माणसं रंगाकडे बघायला लागतात.

एक खोडीही सुचवते. फोटोखाली काहीच माहिती न देता एवढंच विचार: ‘या रंगाला तुमच्याकडे काय म्हणतात?’ मग बघ. आत्या म्हणेल अबोली, मामी म्हणेल छे, हा गाजरी. कुणी गुलबक्षी म्हणेल, कुणी राणी. चिंतामणी नेमका निळा की जांभळा यावर रात्री अकरापर्यंत ग्रुप जागा राहील. तुमच्या घरी तर तेलुगू नावंही निघतील, ती लिहून ठेव. काका ‘यात आहे काय’ विचारायचं विसरून स्वतःच भांडायला उतरतील, याची मात्र मी हमी घेते. ज्याने कधी फोटो ‘बघितला’ नाही त्याला बघायला लावायचा दुसरा इतका स्वस्त उपाय मला माहीत नाही.

‘शुभ सकाळ’वाल्या गुलाबाबद्दल काही करता येणार नाही. फोटो ग्रुपवर गेला की गावाचा झाला. कोपऱ्यात नाव टाकता येतं, पण तुझ्या फोटोत रंगाशिवाय काही नाही, तिथे ते नावच सगळ्यात आधी दिसेल. मला विचारशील तर नको. ज्या अनोळखी माणसाने त्यावर गुलाब चिकटवला, त्यालाही त्या पिवळ्याने थांबवलं होतंच की!

मालकांचं मात्र ऐक. चालू ऑर्डरची शेड आणि रंगांची जुळणी हा त्यांचा धंदा आहे. सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तरी तिच्या नावावर कुठली कुठली चादर विकली जाते ते तू बाजारात बघतोसच. नक्कल करणाऱ्याला एक स्पष्ट फोटो पुष्कळ होतो. संपलेल्या लॉटचं, उरलेल्या रद्दी सुताचं काढ, तेही विचारून. ‘नको’ म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस. फाल्गुनात पळस आहे, मे महिन्यात गुलमोहर आहे, मार्केट यार्डात फुटलेली डाळिंबं आहेत. त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. डाळिंबवाल्याची विचार, तो बहुधा एक दाणाही हातावर ठेवेल.

राहिला घरात लावायचा फोटो. पिवळ्या सुताचाच लाव. मूळ फाइल लॅबमध्ये दे, व्हॉट्सॲपवरून परत आलेली नको. आधी लहान प्रिंट काढून तो दोरा शेजारी धरून बघ, जुळला तरच मोठा कर; कागद पडद्यासारखा आतून उजळत नाही, म्हणून पहिली प्रिंट बहुतेक वेळा वाटली त्यापेक्षा काळपट येते आणि फाइल थोडी उजळ करून द्यावी लागते. कागद मॅट घे, चकचकीत कागदावर समोरची ट्यूब दिसते. जागा आईला निवडू दे. पश्चिमेच्या खिडकीसमोरची निवडली तर तेवढं नाही म्हण, सोलापूरचं ऊन त्या पिवळ्याला काही वर्षांत खाऊन टाकेल. सत्तरच्या-ऐंशीच्या दशकातले घरातले रंगीत फोटो काढून बघ, बरेचसे तांबूस झालेले दिसतील. ते तर अल्बममध्ये अंधारात होते, तरी त्यातला निळसर रंग आधी उडाला. म्हणून फाइल दोन ठिकाणी जपून ठेव, आणि प्रिंटच्या मागे पेन्सिलने लॉट नंबर लिही. रंग उडाला तर पुन्हा जुळवायला लागेल.

– मावशी